पलीकडच्या तुरुंगातली वऱ्हाडी

मराठीची प्राध्यापकी संपवून घरी बसल्यावर माझा आणि परराष्ट्र धोरणाचा संबंध संध्याकाळच्या सातपुरता उरला होता. सातला आमच्या अमरावतीच्या घरात टीव्ही लागायचा आणि माझे यजमान पाकिस्तानला झापायला बसायचे. भातकुलीच्या शेतकरी घरात वाढलेला माणूस, सगळी नोकरी वीज खात्यात खांबाखांबांवर फिरण्यात गेलेली. आवाज असा, की चर्चेतल्या चारही खिडक्यांतली माणसं गप्प बसावीत. जगाच्या कुठल्याशा सभेत तिकडच्या प्रतिनिधीनं आपल्याकडच्या मानवाधिकारांचा विषय काढला, की आपला प्रतिनिधी उठून त्यांच्याकडची यादी वाचायचा. "बरं हाणलं!" म्हणत यजमान मांडीवर थाप मारायचे आणि मला हाक घालायचे, "अवं, पाह्य तरी इकडे!"

मी पाहत नसे. मला ती दोन्ही भाषणं व्याकरणाच्या दृष्टीनं सारखीच वाटायची. दोन्हींत कर्ता कायम पलीकडचा असायचा.

माझा जीव वेगळ्याच गोष्टीत होता. तरुणपणी मी वऱ्हाडी बोलीवर प्रबंध लिहिला होता. त्यासाठी सहा वर्षं एसटीनं गावोगाव हिंडले, बायकांबरोबर वावरात तण निंदायला बसले, आणि शब्द गोळा केले. पुढे कॉलेजात शिकवताना मुलं वर्गात शुद्ध बोलायची धडपड करायची आणि मी त्यांना म्हणायची, घरी बोलता तसं बोला. ती हसायची. त्यांना वाटायचं, मॅडम गंमत करताहेत.

त्या मुलांतली एक आता अमरावतीच्या न्यायालयात वकिली करते. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, मग मराठी माध्यमात आली आणि माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून तिनं मराठी घेऊन बी.ए. केलं. दोन्ही देशांच्या तुरुंगांत अडकलेल्या एकमेकांच्या माणसांसाठी धडपडणारा वकिलांचा एक लहानसा गट आहे, त्यात ती काम करते हे मला ठाऊक होतं. त्यावरून तिला कोर्टाच्या आवारात काय काय ऐकावं लागतं, तेही थोडंफार ठाऊक होतं. थंडीच्या दिवसांत एका रविवारी सकाळी ती स्कूटरवरून आली. हातात वरूडच्या कुणा अशिलानं दिलेली संत्र्यांची पिशवी होती. ती तिनं ओट्यावर ठेवली आणि बसायच्या आधीच फोन पुढे केला.

"मॅडम, एक कागद दाखवायचा आहे. मला वाटतं, ही आपली बोली आहे. पण माझ्या वाटण्याला काही अर्थ नाही, तुम्ही सांगितलं तर आहे."

फोनवर वहीच्या एका पानाचा फोटो होता. पान उर्दूत होतं. मग तिनं सगळी हकिकत सांगितली.

पलीकडच्या एका शहरात एक वयस्कर वकीलबाई आहेत. शिक्षा संपूनही आत राहिलेल्या परदेशी कैद्यांना भेटायला त्या तुरुंगात जातात. तिथे त्यांना एक माणूस भेटला. सीमा ओलांडली म्हणून त्याला काही महिन्यांची शिक्षा झाली होती. ती भोगून अकरा वर्षं उलटली होती. तो डोक्यानं बिथरलेला होता, आपलं नाव रोज निराळं सांगायचा, गावाचं विचारलं की गप्प व्हायचा नाहीतर भलतंच बोलायचा. दोन्ही सरकारं वर्षातून दोनदा एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्या यादीत तो शेवटी असायचा, आणि पत्त्याचा रकाना रिकामा. पलीकडचे म्हणायचे, हा तुमचा आहे, घेऊन जा. इकडून विचारणा व्हायची, पत्ता कळवा म्हणजे खात्री करतो. त्या दोन वाक्यांच्या मध्ये हा माणूस अकरा वर्षं बसून होता.

"मग त्या बाईंनी काय केलं," ती सांगत होती, "तीन-चार भेटी नुसत्या त्याच्याजवळ बसल्या. तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहून घेतलं. अर्थ कळो न कळो. तेच हे पान."

"तुला आपलं काहून वाटलं?"

"त्यात मले आहे, मॅडम. मले घरी जाचं. इतके दिवस हे पान तमिळ, तेलुगू, कन्नड येणाऱ्यांकडे फिरत होतं."

"तिकडे कशाला?"

"तो दक्षिणेकडचा असावा, असा फार पूर्वी कुणीतरी शेरा मारून ठेवलाय. कारण जेवण आलं की तो सांबार मागतो. रोज. डाळ पुढे ठेवली की म्हणतो, सांबार नाही. म्हणून चौकशीची पत्रं सगळी दक्षिणेत गेली."

मला हसू आलं. अगदी मोठ्यानं.

यजमान व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी तिथूनच विचारलं, "अहो, कोथिंबिरीला आपण काय म्हणतो?"

"सांबार," ते म्हणाले. "काहून? आणाचा हाय काय बाजारातून?"

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगताना आम्ही कितीदा तरी हसलो असू. सांबार वडी म्हटलं की ते भलतंच समजतात आणि ताटात कोथिंबिरीची वडी पाहून चकित होतात. इथे एक माणूस डाळीवर चार हिरवी पानं मागत होता आणि त्या पानांनी त्याला हजार किलोमीटर दूरचा करून टाकलं होतं. यजमानांना मी सारं सांगितलं. त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. म्हणाले, "अकरा वर्सं फिकी दाळ खाल्ली त्यानं."

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. ती उर्दू वाचायची, मी देवनागरीत उतरवून घ्यायची. रेचा, रेच्यावर जातो, असं दोनदा आलं होतं. आमच्या भागात कापसाच्या जिनिंग कारखान्याला जुनी माणसं रेचा म्हणतात. पोया आलं, म्हणजे पोळ्या. वऱ्हाडीत ळ चा य होतो, काळं ते कायं आणि केळी त्या केया. डोये लय दुखतेत, हे वाक्य वकीलबाईंनी तीन वेगवेगळ्या भेटींत लिहिलं होतं आणि प्रत्येक वेळी पुढे प्रश्नचिन्ह. डोळे दुखतात, एवढंच तो सांगत होता.

पानाच्या तळाशी एक शब्द होता, त्याच्याखाली रेघ मारलेली आणि कंसात वकीलबाईंची टीप. माझ्या विद्यार्थिनीनं टीप वाचली, "तो सारखा पिंजऱ्याबद्दल बोलतो. कोंडलेपणाची तक्रार करत असावा."

"शब्द वाच. टीप नको."

"मी पिंजरचा."

"पिंजराचा, की पिंजरचा?"

ती फोन डोळ्यांजवळ नेऊन थांबली. "पिंजरा असता तर शेवटी आ-काराचा अलिफ लागला असता, मॅडम. इथे नाही. पिंजर. पिंजरचा."

अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळी तालुक्यात, पिंजर नावाचं गाव आहे. प्रबंधाच्या दिवसांत मी तिथे दोन दिवस राहिले होते. तो माणूस अकरा वर्षं आपला पत्ता सांगत होता. माझ्या विद्यार्थिनीनं टेबलावर डोकं टेकलं आणि ती चक्क रडली. वर्गात कधी गुण कमी पडले म्हणूनही न रडलेली मुलगी.

मी दोन पानांचं उत्तर लिहिलं, प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि तो कुठल्या भागात चालतो ते. तिनं ते उर्दूत करून त्याच दिवशी पाठवलं. पत्त्याची खात्री व्हायला अजून महिने जाणार होते, पण पहिलं फळ आठवड्यातच मिळालं. वकीलबाईंनी अर्ज करून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. त्याला चष्मा लागला होता, आणि पापण्यांना जुना संसर्ग होता. औषध सुरू झालं. तो निरोप वाचला तेव्हा मला वाटलं, इथून पुढे काहीच झालं नाही तरी माझा प्रबंध कामी आला.

पुढच्या शनिवारी आम्ही पिंजरला निघालो. गाडी यजमान चालवणार होते. त्यांना मी विचारलंच नव्हतं, सकाळी सातलाच ते टायरमध्ये हवा भरून आले होते. मूर्तिजापूर, अकोला, मग बार्शीटाकळीला चहा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कापसाची पऱ्हाटी उभी होती आणि तुरीवर शेंगा धरल्या होत्या. मागच्या सीटवर माझी विद्यार्थिनी कागद लावत होती. यजमान तिला म्हणाले, "बाई, एक विचारू? तिकडची थे वकीलीन आपल्या मानसासाठी काहून एवढं करून राहिली?"

"मी तिला विचारलं होतं, काका. ती म्हणाली, तुमच्या तुरुंगात आमची माणसं आहेत, त्यांच्यासाठी तू काहून करून राहिली?"

"अन् तू काय सांगतलं?"

"मी म्हटलं, पुढचं पान पाठवा."

पिंजरच्या फाट्यावर एका चहाच्या टपरीशी यजमानांनी गाडी लावली आणि बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला सरळ विचारलं, "भाऊ, अकरा-बारा वर्सांआंधी इथून कोनी मानूस निंघून गेला काय? परत न आलेला?"

म्हाताऱ्यानं आम्हा तिघांना नीट पाहून घेतलं. "एक नाई, तीन गेले. एक सुरतले हाय, एक पुन्याले. तिसऱ्याचं मालूम नाई. त्याच्या बहिनीची पिठाची गिरनी हाय, मारुतीच्या मांगं."

गिरणी चालू होती. बाई चाळिशी ओलांडलेली, भुवयांवर पीठ बसलेलं. आम्ही दारात उभे राहिलो, पण तिनं हातातलं दळण पुरं होईपर्यंत पट्टा थांबवला नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "कोनत्या खात्याचे तुमी?"

माझ्या विद्यार्थिनीनं हळूहळू सांगितलं. बाई ऐकत होती. पाकिस्तान हा शब्द आला तेव्हा ती एकदम हसली. "त्याले अकोल्याचं तिकीट धड काहाडता येत नोतं. थो पाकिस्तानात कसा जाईन?"

पण बसायला तिनं चटई टाकली. भाऊ अकोल्याला रेच्यावर हमाली करायचा. आई गेली आणि त्याचं डोकं फिरलं. गोळ्या चालू होत्या तोवर ठीक असायचा. एका दिवाळीनंतर तो कामावरून निघाला तो घरी आलाच नाही. स्टेशनवर पंजाबकडे जाणाऱ्या गाडीत कुणीतरी पाहिला होता म्हणे. तिनं ठाण्यात नोंद केली होती. नवऱ्याला घेऊन शेगाव, नागपूर, भुसावळ, सगळीकडे शोधलं होतं. हे सांगताना तिचा आवाज हिशेबी होता, खूपदा सांगून झालेल्या गोष्टीसारखा.

"तोच असेल असं आम्हाला वाटतं," मी म्हटलं. "पण खात्री हवी. फक्त त्यालाच ठाऊक असेल असं काही विचारता येईल का?"

तिनं गिरणीच्या चाकाकडे पाहत विचार केला. "त्याले विचारा, आमच्या विहिरीत काय पडलं होतं."

"काय पडलं होतं?"

"थे मी नाई सांगत. त्याच्या तोंडून येऊ द्या." मग उठताना ती माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाली, "अन् गावात आताच बोलू नका, मॅडम. लोक म्हनतीन, तिकडे कायले गेला होता."

उत्तर यायला दोन आठवडे लागले. ते आलं तेव्हा माझ्या विद्यार्थिनीनं आमच्याच घरून बहिणीला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून. मागे गिरणीची घरघर ऐकू येत होती.

"ताई, त्याचं उत्तर आलं. वाचू?"

"वाच."

"रेडिओ. ताईनं पाडला, मार मले बसला."

गिरणी थांबल्याचा आवाज आला.

"मीच पाडला होता," ती म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता. "बाबाचा रेडिओ. मी आठ वर्साची होती. त्याच्यावर घातलं. त्यानं मार खाल्ला पन माह्यं नाव नाई घेतलं. आजपर्यंत हे कोनालेच मालूम नाई." मग ती हसायलाच लागली, हुंदक्यातूनच. "अव माय वं! आता साऱ्या पाकिस्तानाले सांगतलं त्यानं!"

यजमान उठून आत गेले आणि बराच वेळ नळाखाली तोंड धूत बसले.

त्यानंतर कागदांचे महिने सुरू झाले. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डावरचं जुनं नाव, चौथीच्या वर्गाचा सामूहिक फोटो, तलाठ्याचा दाखला, ठाण्यातली हरवल्याची नोंद. त्याला मी माझं तीन पानी मत जोडलं, हा माणूस दक्षिण अकोल्याची वऱ्हाडी बोलतो आणि ती इतरत्र कुठे बोलली जात नाही, असं. एका कार्यालयात ते वाचून कारकून म्हणाला, "बोलन्यावरून मानूस आपला ठरते काय, मॅडम?"

"तुम्ही आत्ता जे बोललात ना," मी म्हटलं, "तेवढ्यावरून मी तुमचा तालुका सांगते." आणि सांगितला. तो बरोबर निघाला. कागद त्या दिवशी पुढे सरकला.

सगळे कागद दिल्लीला पोचले आणि खात्रीचं पत्रही पलीकडे गेलं. आणि नेमकं तेव्हा दोन्ही देशांत बिनसलं. कुणी सुरू केलं, कुणी उत्तर दिलं, ते टीव्हीवर रोज सांगत होते. सीमेवरचं येणंजाणं थांबलं. जागतिक सभेत पुन्हा याद्या वाचल्या गेल्या, दोन्हींत तुरुंगांतल्या हालांचा उल्लेख होता. आमच्या घरात मात्र एक बदल झाला होता. सात वाजता टीव्ही लागायचा, पण यजमान आता मांडीवर थाप मारत नव्हते. ते खुर्चीच्या टोकाशी बसायचे आणि पडद्याला समजावायचे, "आता महिनाभर नका भांडू रे बाप्पा. आमचा एक मानूस येनार हाय."

त्याच काळात एका दुपारी वकीलबाईंशी माझं प्रत्यक्ष बोलणं झालं. विद्यार्थिनीच्या फोनवर त्यांचा चेहरा दिसला. पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट, अगदी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये शोभावी अशी बाई. त्या उर्दूत बोलत होत्या, मी माझ्या वऱ्हाडी हिंदीत.

"तुमच्याकडे मला फार शिव्या देतात का?" त्यांनी हसून विचारलं.

"तुम्हाला कुणी ओळखत नाही हो," मी म्हटलं. "शिव्या हिला पडतात."

"मग बरोबर आहे. माझ्या वाट्याच्या मला इथे मिळतात." मग त्या म्हणाल्या, की तुरुंगाच्या स्वयंपाकघरात त्यांनी रोज कोथिंबिरीची जुडी पाठवायची व्यवस्था केली आहे. पहिल्या दिवशी त्यानं डाळीवरची पानं बोटानं एका कडेला केली, मोजली, आणि मग एकेक करून खाल्ली. "तो सुटेपर्यंत मी ती बंद पडू देणार नाही. त्याला सोडणं माझ्या हातात नाही, हे आहे."

तो सुटला पुढच्या वर्षी, उन्हाळा सुरू होताना. दोन्ही सरकारांनी सद्भावना म्हणून काही मच्छीमार एकमेकांचे सोडले, त्या तुकडीत त्याचं नाव होतं, या खेपेला पूर्ण पत्त्यासह. बहीण, तिचा नवरा आणि माझी विद्यार्थिनी त्याला आणायला पंजाबात गेले. तपासण्या, जाबजबाब, दवाखाना यांत आठ दिवस गेले. आम्ही दोघं सकाळच्या गाडीला अकोला स्टेशनवर थांबलो होतो. यजमानांनी नवा सदरा घातला होता.

डब्यातून आधी बहीण उतरली आणि तिनं मागे वळून हात दिला. तो उतरला. केस सगळे पिकलेले, अंग वाळलेलं, डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा चष्मा. उतरल्यावर तो पाटीसमोर उभा राहिला आणि अकोला हे नाव त्यानं अक्षर लावून वाचलं.

"हे मॅडम हायेत," बहीण त्याला म्हणाली. "तुहा कागद यायनंच वाचला."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कोनत्या गावच्या?"

"अमरावतीची."

"अमरावती?" तो म्हणाला. "लय दूरून आल्या तुमी."

आम्ही सगळे हसलो, आणि आपण काय विनोद केला हे न कळताही तो हसला.

त्याला आता पावणेदोन वर्षं होत आली. तो बहिणीकडे राहतो. महिन्यातून एकदा ती त्याला अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेते, गोळ्या चुकू देत नाही. सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. काही दिवस तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतो. बंद दार त्याला चालत नाही, म्हणून हिवाळ्यातही गिरणीचं दार उघडं असतं. पण बाकीच्या दिवशी तो दळणाचे डबे उतरवतो, कुणाचं गव्हाचं, कुणाचं ज्वारीचं ते विसरत नाही. गावानं सुरुवातीला कुजबूज केली. मग लोकांना त्याची सवय झाली. आता बायका दळण ठेवताना त्याला, "काय भाऊ, तिकडची ज्वारी कशी होती?" असं विचारतात आणि तो गंभीरपणे सांगतो, "तिकडे गहूच हाय."

मागच्या भेटीत यजमानांनी इतके महिने मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "मारलं काय रे तिकडे तुले?"

"मारलं," तो म्हणाला. "पयल्या वर्सी लय मारलं. म्हने तू हेर हायेस. मंग एक बुढा शिपाई आला, थो आपल्या डब्यातली रोटी द्यायचा. त्याच्या पोरीचं लगन झालं तवा त्यानं मले लाडू आनून देल्ला."

 यजमान उठले, एक डबा उचलून त्याच्याबरोबर चाकापाशी नेऊ लागले.

माझी विद्यार्थिनी अजून कागद घेऊन येते. गेल्या पावसाळ्यात तिला आपल्याकडच्या एका तुरुंगात जायची परवानगी मिळाली. तिथे पलीकडचा एक माणूस होता, डोंगरी मुलखातला, शिक्षा संपलेला, आणि त्याचं बोलणं तिथे कुणालाच कळत नव्हतं. तिनं चार भेटी त्याच्याजवळ बसून त्याचे शब्द उर्दू लिपीत लिहून घेतले आणि वकीलबाईंना पाठवले. त्यांनी शोधत शोधत एक निवृत्त शाळामास्तर गाठला. तो तिकडच्या तीन दऱ्यांमध्ये बोलल्या जाणाऱ्या एका भाषेचा कोश एकटाच करत बसला आहे. त्यानं यादी वाचून पहिल्याच दिवशी दरी सांगितली. गाव अजून सापडायचं आहे, पण मास्तर स्वतः खेचरावरून चौकशीला गेल्याचा निरोप आहे.

त्या मास्तरांची आणि माझी आता वकीलबाईंमार्फत ओळख झाली आहे. कामाचं बोलून झालं की आम्ही एकमेकांना एखादा शब्द पाठवतो. काल त्यांच्याकडे अक्रोडाच्या ओल्या सालीला काय म्हणतात ते आलं. उच्चार मला जमत नाही, मधला एक आवाज आपल्याकडे नाहीच. मी त्यांना पऱ्हाटी कळवली आहे, कापूस वेचून झाल्यावर शेतात उभं राहतं ते झाड. त्यांनी विचारलंय, त्याचं पुढे काय करता? सरपण करतो, म्हणून लिहिणार आहे. यजमान म्हणतात, त्यांना नुसतं लिहून कळायचं नाही, फोटो पाठव. उद्या सकाळी ते मला भातकुलीच्या वावरात घेऊन जाणार आहेत.